रडणं शिकवणारी रामीबाई

लग्न ठरलं की पोरीला रडायला शिकवावं लागतं, हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आमच्या पुसदच्या अंगाला, डोंगरातल्या बंजारा तांड्यांवर कोणी हसत नाही. तिथं नवरीनं सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडायचं असतं. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. त्याला चाल आहे, श्वास घ्यायच्या जागा आहेत, हुंदका कुठं तोडायचा ते ठरलेलं आहे. लग्नाआधी पंधरा दिवस एखादी जाणती बाई पोरीला ते शिकवते. चिंचघाटाच्या तांड्यात ही जाणती बाई म्हणजे रामीबाई, देवसिंग राठोडाची बायको.

रामीबाईचा हात या कामात मोठा कडक. पोरगी नुसतं नाकातून मुसमुसायला लागली की ती पाठीत धपाटा घाले.

"सर्दी झाली का वं तुले? बेंबीपासून आण."

आणि दुसरं सांगे ते असं, की ज्याच्या गळ्यात पडशील त्याचंच बोल. मामीचं मावशीला देऊ नको. मामीनं तुला कधी काय खाऊ घातलं, कधी मारलं, तिच्या परड्यात तू काय चोरलं, ते आठव आणि तेच गा. "आठवण नसली तं रडणं खोटं. अन खोटं रडणं बायाले लगेच समजते." आजूबाजूच्या आठदहा तांड्यांतून तिला बोलावणं यायचं. जाताना नारळ, येताना लुगडं. तिनं शिकवलेली नवरी रडायला लागली की बापेमाणसं गोठ्याकडं तोंड करून उभी राहत.

त्या रामीबाईची दोन लेकरं. थोरली वर्षा, धाकटा सुनील.

कापूस लागोपाठ दोन वर्षं हातचा गेला. एका साली लाल्या आला, पानं विटकरी होऊन झाड उभ्या उभ्या वाळलं. दुसऱ्या साली बोंडं धरली ती दिवाळीआधीच्या पावसानं काळी पडली. तांड्यातली निम्मी घरं दसऱ्यानंतर सोलापूरकडं ऊसतोडीला निघाली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यात लेकराची गिनती नसते. बरोबर न्यावं तर उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, शाळा बुडायची. रामीबाईनं देवसिंगला बजावून सांगितलं, "आपण जाऊ. लेकरं इथंच राह्यतीन. वर्षा शिकली पाहिजे." देवसिंग मुका बैल. त्यानं मान हलवली. घरी देवसिंगची म्हातारी आई होती, धनीबाई. तिला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. लेकरं तिच्या हवाली करून पहिल्या साली दोघं ट्रकात चढली. वर्षा तेव्हा अकरा वर्षांची होती, सुनील पाचचा.

ट्रक हलला तशी वर्षा मागं धावली. "याडी, वो याडी!" आईला हाक मारायचा त्यांचा तो शब्द. तिच्या मागं सुनील, चड्डी सावरत. तांड्याच्या उतारावर मुरूम होता. वर्षा पडली ती हनुवटीवर. रक्तानं फ्रॉक भरला तरी उठून पुन्हा धावली. ट्रक थांबला. पुढून मुकादम किसनसिंग उतरला.

"रामी, लेकरं सांभाळता येत नसतीन तं उतर खाली. मले कोयता पाह्यजे, तमाशा नाही पाह्यजे. उद्या कारखान्यावर यांची आठवण काढून तू रडत बसशील, अन टनेज मी भरू का?"

ट्रकातल्या बाया खालमुंडी बसल्या. रामीबाई उतरली नाही. एकदा उतरलो तर पुन्हा चढवणार नाही, हे तिला कळत होतं. वर्षा ट्रकाच्या फळीला लोंबकळत होती. रामीबाईनं तिची बोटं एक एक करून सोडवली.

तो हिवाळा तिनं उसात काढला. पहाटे पाचट सोलताना हात फाटत, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते किसनसिंगच्या बोलण्याचं. ती हिशेबी बाई होती. तिनं असा विचार केला की दरवर्षी जायचंच आहे. दरवर्षी लेकरं अशीच धावणार, एखाद्या वेळी चाकाखाली जातील. लेकरं रडतात म्हणून हे होतं. रडणं आपण शिकवू शकतो, तर न रडणंही शिकवू. दुनियेत हे फक्त तिलाच सुचू शकत होतं.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि तिनं शिकवणी लावली. रोज दुपार कलली की ती डोक्यावर बोचकं घ्यायची, दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मी चालली. आता होळीलेच येईन." आणि चालायला लागायची. विहिरीपर्यंत जायची. तिथं काठावर बसून सावली हातभर सरकेपर्यंत थांबायची, मग परत यायची. लेकरं ओट्यावर बसलेली असत. ती उलट्या हातानं दोघांचे गाल चाचपायची. कोरडा गाल असेल त्याला गुळाचा खडा. ओला असेल त्याच्या पोटऱ्यांवर पऱ्हाटीची काडी. कापूस वेचून झाल्यावर उरते ती काडी, बारीक, पण लागली की वळ दोन दिवस जात नाही.

पहिल्या दिवशी दोघांनाही काडी बसली.

"पण तू खरंच गेलती असं वाटलं मले," वर्षा पोटऱ्या चोळत म्हणाली.

"खरंच जाईन तवा काय करशील मंग?"

"रडीन."

आणखी एक काडी.

धनीबाई आतून ओरडली, "काय कसाबीण आहेस वं! दुनियेच्या पोरी रडवतेस, अन आपल्या लेकराचं पाणी आटवून राह्यली."

"तुम्ही गप बसा. आमच्या मागं लागून ट्रकाखाली येतीन तवा सांगा मले."

तिसऱ्या दिवशी वर्षानं नवी युक्ती केली. रडली आणि आई यायच्या आत फ्रॉकनं गाल कोरडे केले. रामीबाईनं गाल चाचपले, मग डोळे पाहिले. डोळे लाल. त्या दिवशी काडी दुप्पट, कारण एक रडल्याची, एक लबाडीची. वर्षा हुशार पोर होती. नवव्या दिवशी तिचा गाल खरंच कोरडा होता आणि डोळेही पांढरे. तिनं गुळाचा खडा घेतला, तो न खाता सुनीलच्या हातावर ठेवला.

सुनीलला वेळ लागला. सहा वर्षांचं लेकरू, आई विहिरीकडं वळली की त्याचा ओठ थरथरायचा. मग वर्षाच त्याला शिकवायला लागली. आई पाठमोरी झाली की ती त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. "गिळ. गिळ म्हणतो नं. थुंकी गिळतोस तसं गिळ." ते पोर आवंढे गिळायचं. एक दिवस ते ओट्यावर ओकलं. पण गाल कोरडा होता. रामीबाईनं त्याला गूळ दिला.

दसऱ्यानंतर ट्रक आला. दोन्ही लेकरं ओट्यावर बसून होती. बाकीच्या घरांतली पोरं लोळण घेत होती, आयांचे पदर सुटत नव्हते. किसनसिंग म्हणाला, "वा! रामीची लेकरं पाहा. याले म्हणतात वळण." रामीबाई ट्रकात ताठ बसली. शेजारच्या बाईला म्हणाली, "माहे लेकरं नाही रडत." आणि आपल्या आवाजाचा तिला अभिमान वाटला. वळणावर ट्रक गेला तेव्हा तिनं मागं पाहिलं. लेकरांनी हातसुद्धा हलवला नाही. हात हलवायचं तिनं शिकवलं नव्हतं.

अशी पाच सालं गेली.

त्यातल्या चौथ्या साली रामीबाई होळीला परत आली तेव्हा सुनीलचा डावा हात कोपरापासून वाकडा दिसला. शाळेतल्या रामराव गुरुजींनी सांगितलं.

"शाळेच्या भिंतीवरून पडला, बाई. मले कोणी सांगतलंच नाही. दुपारभर वर्गात बसून पाढे म्हटले यानं. हात मोडलेला! तिसऱ्या दिवशी सुजला तवा समजलं. पुसदले नेलं, पण डॉक्टर म्हणे उशीर झाला."

रामीबाईनं वर्षाला धरलं. "तुले माहीत नव्हतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं दादीले?"

"दादी रडली असती. दुकानावरून तुले फोन लावला असता. तू आली असतीस अन खाडे पडले असते." वर्षा पंधराची झाली होती. भाकरी थापता थापता सांगत होती, आवाज भाकरीसारखाच सपाट. "रात्री तोंडात फडकं देलं त्याच्या. दोन दिवस."

त्याच संध्याकाळी शेजारच्या विमलताईंकडून दुसरी गोष्ट कळली. त्या अंगणवाडीच्या सेविका. वर्षा दिवाळीतच न्हाती झाली होती. चार दिवस कोणाला कळलं नाही. तिनं बापाचं जुनं धोतर फाडलं आणि स्वतःच निस्तरलं. पाचव्या दिवशी नदीवर धुताना विमलताईंनी पाहिलं.

"मी म्हटलं, भेलीस का वं बाई? तं म्हणते, नाही. म्हटलं, याडीची आठवण आली? तं माह्याकडं अशी पाह्यली जशी मी काही घाण बोलली."

रामीबाईला त्या रात्री कळायला पाहिजे होतं. थोडंसं कळलंही. तिनं वर्षाच्या डोक्यावर तेल थापलं, केस विंचरायला घेतले.  वेणी झाल्यावर वर्षा उठून गेली आणि आतल्या खोलीत वेणी सोडून पुन्हा स्वतःच्या हातानं घातली. रामीबाईनं ते दाराच्या फटीतून पाहिलं आणि शिवी घातली, "लय अक्कल आली का?" त्यानंतर तिनं तेल लावलं नाही.

पुढं कापसाला बरे दिवस आले असं नाही, पण देवसिंगची कंबर गेली आणि ऊसतोड सुटली. आता आई बारा महिने घरी. दोन्ही लेकरं तिच्याशी नीट वागायची. पाणी मागितलं की पाणी, हाक मारली की ओ. उलटून एक शब्द नाही. तांड्यातल्या बाया म्हणत, "रामी, तुही लेकरं म्हणजे सोनं." दुसऱ्यांच्या घरी पोरी आयांशी भांडत, दारं आपटत, नदीत जीव देतो म्हणत, आणि तासाभरानं त्याच आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडत. रामीबाई हे ओट्यावरून पाहायची. एकदा तिनं मुद्दाम वर्षाचं कॉलेजचं पुस्तक चुलीत घातलं. पोरगी ओरडेल, काहीतरी बोलेल. वर्षानं चिमट्यानं पुस्तक बाहेर काढलं, जळकी पानं झटकली आणि वाचायला बसली.

एकोणिसाव्या वर्षी दिग्रसकडचं स्थळ आलं. पोरगा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, व्यसन नव्हतं, वर्षाला पुढं शिकवतो म्हणाला. देवसिंगनं विचारलं, "तुले पसंत आहे का, बेटा?"

"चालते."

"तसं नाही, मनातून सांग."

"चालते म्हटलं नं, बा."

आता रामीबाईला घोर लागला. नवरी ढावलो गाणार, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांब, आईच्या गळ्यात पडून. आठ-दहा तांड्यांची बाया-माणसं येणार. रामीबाईची पोरगी कशी रडते ते पाहायलाच येणार. तांड्यात आधीच चालू झालं होतं, "कुंभारणीच्या घरी फुटकं मडकं. पाहा, ती पोट्टी एक टिपूस काढणार नाही." पण इज्जतीचं एक झालं. रामीबाईला दुसरंही काही हवं होतं आणि ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. ढावल्यात पोरीला आईला काहीही म्हणता येतं. तू मला का दिलंस, तू मला का मारलंस, सगळं. त्यात शिव्या चालतात, शाप चालतात. आणि त्यानंतर गळा सुटतो. तिला वाटत होतं, एकदा पोरगी गळ्यात पडून मला कसाबीण म्हणेल, त्या काडीचं, त्या विहिरीचं सगळ्यांसमोर बोलेल, आणि मग हे मिटेल.

पंधरा दिवस तिनं शिकवलं. वर्षा दोन दिवसांत चाल शिकली. श्वास बरोबर, हुंदका बरोबर, गाल कोरडा.

"आठव," रामीबाई म्हणाली. "माह्यावर राग नाही तुले? ट्रक आठव. हनुवटी आठव."

"आठवते."

"मंग?"

"मंग काय? आठवते."

दहाव्या दिवशी रामीबाईचा धीर सुटला. तिनं वर्षाच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्या गालावर मारली. "रड! रड म्हणतो नं! दगड आहेस का?" वर्षानं ओढणी नीट केली आणि शांतपणे विचारलं, "पुन्हा पहिल्यापासून म्हणू का?"

दारात सुनील उभा होता. तेरा वर्षांचा, वाकडा हात पाठीमागं. 

लग्नाच्या दिवशी मांडव पोरी-बायांनी गच्च भरला. जुन्या काळी नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करत. आता दारात जीप होती. तिच्या बॉनेटवर फुगे.

वर्षा उठली. ती आधी धनीबाईकडं गेली. म्हातारी आता पुरती आंधळी झाली होती. वर्षानं तिच्या गळ्यात हात टाकले, आणि मांडवाला कळलं नाही एवढ्या खालच्या स्वरात सुरुवात झाली. मग स्वर चढला. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं ते, मराठीत सांगायचं तर असं: दादी, तुला दिसत नव्हतं तरी माझ्या ताटातली भाकरी तू हातानं मोजायचीस, आणि आपली अर्धी त्यात सरकवायचीस, तुला वाटायचं मला कळत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी लागलं. खरं पाणी. हुंदका असा आला की शिकवून येत नाही. मांडवभर बाया "अगं माय माय" करायला लागल्या.

 रामीबाईच्या मनात आलं, फुटला एकदाचा बांध. आता माझी पाळी येईपर्यंत हा थांबणार नाही.

वर्षा बापाच्या गळ्यात पडली, त्याच्या मुकेपणाला नावं ठेवत रडली. विमलताई 'मी तुमच्या जातीतली नाही' म्हणत मागं सरत होत्या, त्यांना तिनं ओढून धरलं आणि नदीवरचं रडली. सुनीलजवळ गेली तेव्हा तिला उभं राहवलं नाही. त्याचा वाकडा हात कपाळाला लावून ती खाली बसली. भिया, मी तुझ्या तोंडात फडकं कोंबलं, माझे हात झडोत, तू ओरडला असतास तर तुझा हात सरळ राहिला असता. सुनीलला गिळता आलं नाही. ते पोर सगळ्यांसमोर गुरासारखं हंबरलं. बापे गोठ्याकडं वळले.

मग ती आईसमोर आली.

रामीबाईनं हात पसरले. वर्षा गळ्यात पडली, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली, आणि गायला लागली. किती दिवस तू माझं ओझं वाहिलंस, याडी. तुझ्या मायेचं ऋण कसं फेडू, याडी. चिमणी उडाली, घरटं रितं झालं, याडी.

चाल सुरेख. श्वास जागच्या जागी. अश्रू आधीचे अजून वाहतच होते, त्यामुळं कोणाला काही वेगळं दिसलं नाही. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. एकट्या रामीबाईला कळलं. या ओळी तिच्याच होत्या. ज्या पोरींना आई नाही, लहानपणीच मेली, आणि सावत्र आईच्या किंवा चुलतीच्या गळ्यात पडणं भाग आहे, त्यांच्यासाठी तिनं या बांधून ठेवल्या होत्या. आठवण काहीच नसलेल्या पोरीचं काम भागावं म्हणून. त्या कोणाच्याही गळ्यात चालायच्या.

ती पोरीच्या कानात पुटपुटली, "हे नको वं. काडी म्हण. विहीर म्हण."

वर्षानं पुढची ओळ उचलली. चारही कडवी पूर्ण केली, एकही गाळलं नाही. मग गळा सोडला, वाकून आईच्या पाया पडली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"मायलेकीचं रडणं असावं तं असं!" बाया महिनाभर सांगत राहिल्या. "रामी, काय शिकवलंस पोरीले!" रामीबाई "हो" म्हणायची. त्या उन्हाळ्यात तिला पाच तांड्यांतून बोलावणी आली.

श्रावणात वर्षा पहिल्यांदा माहेरी आली. दोन दिवस राहिली. निघायच्या दिवशी सकाळी घरात दोघीच होत्या. वर्षा तूर निवडत होती. रामीबाई समोर बसली.

"मले ते तयारवालं काहून देलं?"

वर्षानं विचारलं नाही की कोणतं. "दुसरं सुचलं नाही."

"आठवत तं होतं तुले सगळं. म्हणे, आठवते."

"आठवते. पंधरा दिवस शोधलं मी, याडी. तू शिकवून राह्यली होतीस तवा मी तेच शोधत होती. दादीचं मनात आणलं की गळ्याशी येई. भियाचं आणलं की येई. तुहं आणलं की काही येत नव्हतं." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "राग असता तं रागाचं म्हटलं असतं. राग पण नाही सापडला."

"आता म्हण. इथं कोणी नाही. वाईट म्हण, शिव्या दे."

"आता कसं म्हणू? आठवणीनं रडू आलं नाही तं ते खोटं. बायाले समजते." वर्षा हे टोमणा म्हणून बोलली नाही. शिकलेला धडा विचारला तर सांगावा तसं तिनं सांगितलं.



दुपारच्या एसटीला पोचवायला ती फाट्यापर्यंत गेली. सुनील पिशवी घेऊन पुढं. गाडी आली, वर्षा चढली. रामीबाईला तिथं, फाट्यावर, पानटपरीसमोर, एकदम रडू फुटलं. कसली चाल नाही, कसला श्वास नाही, तोंड वेडंवाकडं झालं, नाक गळायला लागलं. टपरीवरची माणसं पाहायला लागली. "काय झालं वं मावशे?" कोणीतरी विचारलं. ती बसच्या पत्र्यावर हात मारत चालायला लागली. वर्षा, वो वर्षा.

खिडकीत वर्षा दिसली. ती शेजारच्या बाईला जरा सरकून बसायला सांगत होती. आईकडं तिचं लक्ष गेलं, तशी तिनं चांगल्या सुनेसारखी मान हलवली, येते म्हणून. मग सुनीलला ओरडून म्हणाली, "याडीले घरी ने रे. ऊन लागलं असंन तिले."

सुनीलनं आपल्या चांगल्या हातानं आईचं मनगट धरलं. गाडी हलली, तशी रामीबाईनं दुसऱ्या हातानं खिडकीची सळई पकडली. रामीबाई हात सोडवायला पाहत होती, आणि पोरगा तिची बोटं खिडकीच्या सळईवरून काढत होता.